माफीले हरकत

(बडनेरा. चर्चच्या मागचं पाळकांचं घर. शनिवारची दुपार, लाइट गेलेली.)

रुख्मिणी : पानी नको. पानी प्याले नाई आली मी. हरकत घ्याले आली.

पाळक : हरकत? कशाला हरकत, बाई?

रुख्मिणी : माफीले. तुमच्या देवानं नितेशले माफी देली ना, त्या माफीले माही हरकत हाय. लिहून घ्या.

पाळक : नितेश म्हणजे... स्टेशनवर पार्सलला हमाली करतो तो? आमच्या मंडळीत येतो?

रुख्मिणी : तोच. इथं तो हमाल असन. आमच्या गावात संत्र्याची पिकअप चालवे. वरूडहून भरे, अमरावतीले खाली करे. त्याच गाडीत माही पोट्टी मेली. अपेक्षा.

पाळक : तुम्ही त्या मुलीच्या आई?

रुख्मिणी : हो. रुख्मिणी नाव माहं. फादर, मले जास्त बोलता येत नाई, मी कास्तकाराची बाई हाय. पन कोर्टाच्या पायऱ्या चढू चढू एक गोष्ट शिकली. त्याच्या जामिनाच्या टायमाले आमचा वकील म्हने, काकू, हरकत घ्या, तुमचं आयकल्याशिवाय जजसाहेब काई करनार नाई. मी उभी राहिली. जजसाहेबानं आयकलं. जामीन भेटला त्याले, ते वेगळं. पन आयकलं तरी! अन तुमच्या देवानं? त्यानं फिर्यादीले इचारलं बी नाई. एकतर्फी निकाल देऊन मोकळा.

पाळक : बसा तरी, बाई. आणि मी फादर नाही. आमच्या चर्चमध्ये पाळक म्हणतात.

रुख्मिणी : जे काय असान ते असा. तुमच्या हातानं माफी निघते ना?

पाळक : माझ्या हातात काही नाही. मी कोणाला माफ करत नाही. करतो तो देव. मी फक्त सांगतो.

रुख्मिणी : मंग त्याले सांगा, फिर्यादी आली हाय. दारात उभी हाय. माफी वापस घे म्हना.

पाळक : हे तुम्हाला कोणी सांगितलं? माफीचं?

रुख्मिणी : मोबाइलवर व्हिडिओ आला. माह्या भाचीनं दाखोलं, प्रणालीनं. तो तुमच्या चर्चमधल्या खांबापाशी उभा राहून रडून राहिला. म्हने, मी पापी, माह्या हातून एक जीव गेला, प्रभूनं मले धुतलं, मी मोकळा झालो. अन तुमचे लोकं टाळ्या वाजवून राहिले. टाळ्या, पाळकसाहेब! माह्या पोट्टीच्या मरनावर टाळ्या!

पाळक : तिच्या मरणावर नाही हो, बाई. असं नका म्हणू. हरवलेला एक माणूस परत आला, त्याचा आनंद...

रुख्मिणी : कोन हरवला? तो? तो तर धडधाकट हाय. जेवते, झोपते, बायकोसंग राहते. हरवली माही पोट्टी. तिले आनता काय वापस? आना, मीबी वाजवतो टाळ्या. बोला ना. इतके दिवस माईकवर बोलता.

पाळक : काय बोलू? तुमचं खरं आहे. पण त्यानं कबूल तर केलं. सगळ्यांसमोर उभं राहून केलं. ते सोपं नसतं. आमच्यात त्याला साक्ष म्हणतात.

रुख्मिणी : साक्ष?

पाळक : हो.

रुख्मिणी : मंग ते साक्ष कोर्टात पाठवा. आजच्या आज. मंगळवारी तारीख हाय.

पाळक : नाही, नाही. ही साक्ष वेगळी. ही देवासमोरची.

रुख्मिणी : अच्छा! देवासमोर एक साक्ष, जजसमोर दुसरी. एकाच तोंडातून दोन. तुमाले माहीत तरी हाय काय, तो कोर्टात काय म्हनते ते?

पाळक : अपघाताची केस आहे, एवढं म्हणाला होता मला. निष्काळजीपणाची.

रुख्मिणी : तुमी इचारलं नाई, कसा झाला अपघात?

पाळक : तो इतका रडत होता... मी... नाही. नाही विचारलं.

रुख्मिणी : मंग आयका. तो म्हनते, गाडी मी चालवतच नव्हतो. गाडी ती पोट्टीच चालवत होती. म्हने, दादा मले शिकव, मले शिकव, असं म्हनून तिनं जबरदस्ती स्टेअरिंग घेतलं, अन उलटवली.

पाळक : कोण म्हणतं असं? नितेश?

रुख्मिणी : अकोल्याचा वकील केला त्यानं. त्यानं शिकोलं, यानं पाठ केलं. गाडी उलटली मोर्शीच्या पुढं, पाहनारं कोनी नाई. हा वावरातून पयाला, दोन दिवस सापडला नाई. सापडला तवा हे बोलला. आता गावात काय म्हनतात मालूम हाय? पोट्टी मस्तीखोर होती. पोट्टी त्याच्यासंग काहून होती? अशी कशी बसली एकटी त्याच्या गाडीत? ती मेली तं मेली, वरून नाव बी मातीत गेलं तिचं. मले माही पोट्टी भेटनार नाई, समजते मले. मी पागल नाई. पन तिचं नाव तर द्या वापस! तेवढ्यासाठी मी कोर्टात जातो. तेवढंच मागतो.

पाळक : मला हे ठाऊक नव्हतं, बाई. शपथ.

रुख्मिणी : तुमी त्याले मोकळं करून टाकलं, पाळकसाहेब. आतापर्यंत त्याले झोप नव्हती. त्याची बायको सीमा, गावात आली तवा तिनंच आमच्या गल्लीत सांगतलं, रातभर बसून राहते म्हने. मी म्हटलं, बसू दे. एक ना एक दिवस हाच भार त्याले कोर्टात बोलवन. अन तुमी तो भार उतरोला! आता काहून बोलन तो? आता त्याले काय गरज?

पाळक : उद्या त्याचा बाप्तिस्मा आहे.

रुख्मिणी : ते काय असते?

पाळक : पाण्यात बुडवून... जुनं आयुष्य संपलं, नवं सुरू झालं, असं.

रुख्मिणी : वा रे वा! त्याले नवं. अन माही?

नितेश : सलाम, पाळकसाहेब. उद्यासाठी पांढरा सदरा आनला, पन थोडा मोठा होते, चालन काय म्हनून... काकू?

रुख्मिणी : ये. ये ना. दारात काहून उभा राहिला? धुतलेला मानूस तू, कुठीबी जाऊ शकतं.

नितेश : काकू, मी... मी जातो. मंग येतो, साहेब.

पाळक : थांब, नितेश. आत ये. सदरा ठेव तिथं खुर्चीवर. गाडी कोण चालवत होतं?

नितेश : जी?

पाळक : त्या दिवशी. पिकअप कोण चालवत होतं?

नितेश : साहेब, ते केस चालू हाय, वकील म्हने कोनापाशी काईच बोलू नको.

पाळक : मी वकिलाला विचारत नाही. तू माझ्यापाशी गुडघे टेकून रडलास. मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताची शरम वाटायला लागली आहे मला आता. कोण चालवत होतं?

रुख्मिणी : आता कुठी गेली तुही साक्ष?

नितेश : मी. मीच चालवत होतो.

रुख्मिणी : आयकलं? आयकलं ना तुमी?

नितेश : डोया लागला माहा. रातभर बागेत संत्र्याची तोड चालली होती, त्याच्यात दारू पेलो होतो. मोर्शी गेल्यावर ती म्हने, दादा, थांबव गाडी, तोंड धू, चहा पी. मी म्हटलं, पोहोचतोच आता. तेवढ्यात... ती स्टेअरिंगले शिवली बी नाई, काकू. ती कालेजची वही घेऊन वाचत बसली होती. खरं सांगतो.

रुख्मिणी : मंग कोर्टात सांग की हे, भडव्या! कोर्टात सांग!

नितेश : कसा सांगू? सीमाले सातवा महिना हाय. वकील म्हने, कबूल केलं का सिधा आत. वरून दारू, वरून पयालो. लेकराचं तोंड मी जेलातून पाहू काय? देवापाशी सांगतलं ना, काकू. सगळं सांगतलं. त्याच्यापाशी काईच लपोलं नाई. तो तर सगळ्याचा मालिक हाय. त्यानं माफ केलं तर अजून कोनापाशी...

पाळक : कोणी सांगितलं तुला, त्यानं माफ केलं म्हणून?

नितेश : तुमीच ना, साहेब.

पाळक : हो. मीच. मीच सांगितलं. चुकलो. देवाचा शब्द खोटा नाही, पण मी तो घाईनं वाटून टाकला. कोणीतरी नवीन येतंय, रडतंय, मला बरं वाटलं. नितेश, मूठ आवळून धरलीस तर त्यात कोणी काय ठेवायचं? तू देवाला म्हणालास, माझ्या हातून जीव गेला. आणि जगाला सांगतोस, तिच्याच हातून गेला. मेलेल्या मुलीवर खून टाकून तू उद्या माझ्या पाण्यात उतरणार होतास?

नितेश : साहेब, मले नका हाकलू. इथं आलो तवापासून झोप लागते मले. मी पाय पडतो तुमच्या. हे बी गेलं तर मी कुठी जाऊ? फासच घेतो मंग.

रुख्मिणी : घे. नाई, नको घेऊ. आधी मंगळवारी ये, अन मंग घे.

पाळक : बाई!

रुख्मिणी : मले नका रागवू, पाळकसाहेब. माह्या आंगात आता काईच चांगलं उरलं नाई. इमानदारीनं सांगतो. सकाळी उठल्यावर पहिलं मी हेच मागतो, का याचं वाटोळं होऊ दे. मंग चहा मांडतो.

नितेश : काकू, मले शिव्या द्या, मारा, काईबी करा. पन तुमीबी जरा इचार करा. मी कोर्टात सगळं सांगाले लागलो तर सगळंच सांगा लागन.

रुख्मिणी : सांग ना! तेच तर म्हनतो.

नितेश : सगळंच म्हंजे... त्या सकाळचं बी.

पाळक : कोणत्या सकाळचं?

नितेश : मी आतापर्यंत कोनाले नाई सांगतलं. वकिलाले बी नाई. सीमाले बी नाई. काकू, तुमच्या तोंडाकडं पाहून नाई सांगतलं.

रुख्मिणी : चूप बस.

पाळक : काय झालं होतं त्या सकाळी?

रुख्मिणी : काई नाई झालं. हा बहाने करून राहिला. येस्टी चुकली होती, पोट्टीचं कालेजात प्रॅक्टिकल होतं, हा चालला होता, अन ती बसली त्याच्या गाडीत. आपल्या मनानं. मी घरात होती. माह्या ध्यानात येईपर्यंत गेली बी.

नितेश : काकू...

रुख्मिणी : आपल्या मनानं बसली! माहं आयकलं नाई. मी तिच्या बाबाले बी हेच सांगतलं, पोलिसाले बी हेच.

पाळक : बाई, आता तरी बसा.

रुख्मिणी : मी बरी हाय.

पाळक : मी काही विचारत नाही तुम्हाला. तुम्ही फिर्यादी म्हणून आलात, तुमची फिर्याद खरी आहे, ती मी ऐकली. जायचं असेल तर...

रुख्मिणी : काहून नाई इचारत? त्यालेबी नाई इचारलं, मले बी नाई इचारत. इचारा ना! कोनी इचारतच नाई मले! दीड वर्ष झालं, सगळे येतात, रडतात, काकू काकू करतात, अन कोनी इचारत नाई का रुख्मिणी, तू कुठी होती?

पाळक : कुठे होतात?

रुख्मिणी : गाडीपाशी. दरवाजा धरून.

पाळक : हं.

रुख्मिणी : ती नाई म्हनत होती. म्हने, आई, याच्या तोंडाले वास येते, मी नाई जात. मले बी आला ना वास. मी का लहान हाय? पन प्रॅक्टिकल बुडलं असतं. तिचा बाप आधीच म्हने, बस झालं शिक्षन, उजवून टाकू. एक पेपर बुडायची वाट पाहत होता तो मानूस. मी त्याच्याशी दोन वर्षं भांडून तिले शिकवत होती, पाळकसाहेब. मी म्हटलं, काई नाई होत, बस. दंडाले धरून बसोली तिले. अन याले म्हटलं...

नितेश : काच खाली ठेव, म्हने. वारा लागू दे तोंडाले, उतरन तुही.

रुख्मिणी : हो. तेच म्हटलं. काच खाली ठेव. अन दार मीनं लावलं. बाहेरून. दोनदा आपटलं, बसत नव्हतं तं.

पाळक : आणि तिच्या वडिलांना?

रुख्मिणी : त्यायनं पहिलं तेच इचारलं. पोट्टी अजून दवाखान्यातून आली नव्हती, अन इचारलं, कोनं बसोलं तिले? माह्या तोंडातून निघून गेलं. आपल्या मनानं बसली. एकदा निघालं ते निघालं. आता ते तिच्यावर रागावले हायेत. मेलेल्या पोट्टीवर! फोटो लावू नाई देला घरात. मी लावला तं उलटा करून ठेवला. म्हनतात, बापाचं आयकलं असतं तं जित्ती राहिली असती. अन मी तथी उभी राहून भाकरी टाकतो. यानं तिच्यावर टाकलं ते मले दिसलं, मी गावभर बोंबलली. अन मी तिच्यावर टाकलं ते? याच्याआधी मीनं टाकलं! याच्या तोंडात ते शिकोनारा वकील तरी होता. मले कोनं शिकोलं?

पाळक : बाई...

रुख्मिणी : आता सांगा. माही माफी कोन देते? तुमचा देव? तो तं कोनालेबी देते, मले त्याची नाई पाहिजे. तिची पाहिजे. अन ती तं गेली. फिर्यादी मी नाईच, पाळकसाहेब. फिर्यादी ती होती. तिले कोन इचारनार आता?

पाळक : या प्रश्नाचं उत्तर आहे माझ्यापाशी. दर रविवारी मी ते देतो. आज ते तोंडातून निघत नाही.

रुख्मिणी : मंग काय कामाचे तुमी?

पाळक : फार कामाचा नाही. पण एक मानतो मी, बाई, शिकवलं म्हणून नाही, मनापासून मानतो. ती त्याच्याजवळ आहे. आणि तिचं ऐकून घेतल्याशिवाय तो कोणालाच मोकळं करत नसेल. याला नाही, तुम्हाला नाही. एकतर्फी नसेल तो.

रुख्मिणी : मंग ती काय सांगत असन त्याले? माह्याबद्दल?

पाळक : ते मला कसं कळणार?

नितेश : मी सांगू काय, काकू?

रुख्मिणी : तू काय सांगशीन?

नितेश : गाडीत बोलली ती. वरूडच्या बाहेर निघेपर्यंत गुमसुम होती. मी म्हटलं, काय वं, आईवर राग आला काय? तं हासली. म्हने, नाई रे दादा. आई बाबाले लय भेते. म्हनून बसोलं मले. म्हने, एकदा माही नोकरी लागली ना, का आईचं हे भेनंच बंद करून टाकतो.

रुख्मिणी : असं म्हटलं?

नितेश : असंच.

रुख्मिणी : खोटं नको बोलू रे आता. तिच्या नावानं तरी नको बोलू.

नितेश : माह्या होनाऱ्या लेकराची शपथ. दीड वर्ष मले हे तुमाले सांगाचं होतं. पन मंग गाडी कोन चालवत होतं ते बी सांगा लागलं असतं.

रुख्मिणी : माय वं... माय माय माय...

पाळक : पाणी घ्या. घ्या, बाई.

रुख्मिणी : भेते म्हने. तिले बी माहीत होतं. मरता मरता बी तिले माहीतच होतं...

नितेश : साहेब, तो सदरा राहू द्या. उद्या नाई उतरत मी.

पाळक : नको उतरूस.

नितेश : मंगळवारनंतर घ्यान मले? जेलात गेलो तं?

पाळक : मी येईन तिथं. पाणी तिथंही असतं.

नितेश : सीमाले कसं सांगू? ती म्हनन, दोन महिने थांबले असते तं...

पाळक : मी येतो तुझ्याबरोबर. आत्ता, यांची सोय लावून जाऊ.

रुख्मिणी : माही काई सोय नका लावू. मी येस्टीनं आली, येस्टीनं जाईन. नितेश, मंगळवारी ते काचेचं बी सांगजो. दार मीनं लावलं ते बी. माहं काई शिल्लक ठेवू नको.

नितेश : काकू, ते नाई सांगतलं तरी चालते. केस त्याच्यावर नाई.

रुख्मिणी : नाई. मीच सांगन. जजसाहेब उभं करतात ना मले, तवा मीच सांगन. पन लोकाइच्या आधी तिच्या बाबाले... फोन लागते काय इथून? माह्या मोबाइलमधी बॅलन्स हाय, पन रेंज दिसत नाई.

पाळक : खिडकीपाशी या. इथं लागतो.

रुख्मिणी : तुमी जाऊ नका. दोघंबी. इथंच उभे राहा.

पाळक : आहोत.

रुख्मिणी : वाजून राहिला... हॅलो. हो, मीच. नाई, बडनेऱ्याले. काई नाई झालं. तुमी जेवले? बरं. आयका. मधात बोलू नका, नाईतर माह्यानं होनार नाई. अपेक्षा आपल्या मनानं नव्हती बसली. तिनं मले नाई म्हटलं होतं. तिले जायाचंच नव्हतं. दंडाले धरून मीनं बसोली तिले. मले वास आला होता, तरी बसोली. दार बी मीनंच लावलं. तुमाले मी खोटं सांगतलं... तिच्यावर राग धरू नका, तिचा काई दोष नाई. माहा हाय. सगळा माहा हाय... हॅलो? अवो... बोला ना काई. शिव्या द्या, पन बोला... हॅलो... आहा ना तुमी तथी?